उमरेडचा कोळसा अजून किती वर्षं?

संत्री खायला नागपूरला चालले, असं मी पुण्यात सगळ्यांना सांगितलं होतं. खरं कारण माझी भाची मृणाल. तिने उमरेडचा अनिकेत पसंत केला होता. मुलगा गुणी, पण नोकरी कोळशाच्या खाणीत. तिथेच गाडं अडलं होतं.

"कोळसा संपून राहिला म्हणतात. चाळिशीत जावई घरी बसला तर?" भावजी, म्हणजे मृणालचे वडील, स्टेशनावरच सुरू झाले. प्रताप नगरात घरी पोचल्यावर मृणालने मला स्वयंपाकघरात ओढलं. "मावशी, बाबा नाही म्हणाले तर मी पळून जाणार नाही. पण दुसऱ्या कोणाशी लग्नही करणार नाही." पोरगी शब्दाची पक्की.

ताईचे गुडघे धरलेले, म्हणून रविवारी भावजी आणि मीच घर पाहायला निघालो, तेही एसटीने. स्वतःचा पेट्रोल पंप असलेला हा माणूस गाडी काढायला मात्र नाखूश. शेजारच्या बाकावर एक म्हातारबुवा होते. खाण किती दिवस चालेल, असं भावजींनी त्यांनाही विचारलंच.

"लहान होतो तवापासून ऐकून राहिलो गा, कोळसा संपते म्हणून," बुवा म्हणाले. "माहा बाप संपला."

मी पदराआड हसले. बाहेर सपाट शेतांमागे करडे डोंगर दिसू लागले होते. डोंगर कसले, खाणीतून उपसलेल्या मातीचे ढीग. काहींवर बाभळी उगवल्या होत्या.

अनिकेतचं घर जुन्या विणकरांच्या आळीत. वडील वामनराव पूर्वी मागावर धोतरं विणत, आता किराणा दुकान चालवतात. तर्रीपोहे (झणझणीत रस्सा घातलेले पोहे) झाले, चहा झाला, आणि भावजींनी तोंड उघडलं. "कोळसा अजून किती वर्षं पुरन?"

अनिकेतची मान खाली गेली. वामनराव मात्र खुलले. "बरं झालं तुमीच काढलं. मले बी इचारायचं होतं. तुमचं पेट्रोल किती वर्षं पुरन? आमच्या आळीत तर बॅटरीच्या गाड्या येऊन राहिल्या."

भावजींचा चेहरा पडला. मोडलं आता लग्न, असंच मला वाटलं.

तेवढ्यात अनिकेतची आई दारातून म्हणाली, "माह्या बापानं माग पाहूनच मले या घरी देल्लं. माग बंद पडला. मंग मी का याहिले सोडून माहेरी जावाले पाह्यजे होतं?" तिने पदराला हात पुसले. "गोळाभात केला हाये. पानं वाढू?"

आमच्याकडे ठरल्याशिवाय मुलीची माणसं मुलाच्या घरी जेवत नाहीत, चहापोह्यांवर उठतात. भावजी उठले. मी पर्स उचलली.

"हात धुवायले कुठं जाऊ?" त्यांनी विचारलं.

परतलो तेव्हा मृणाल फाटकातच उभी होती. तिने एवढंच विचारलं, "जेवलात?"

"जेवलो," भावजी म्हणाले. "गोळाभात होता." पोरगी तिथेच पायरीवर बसून रडली, आणि तिच्याशेजारी मीही.

साक्षगंधाची (साखरपुड्याची) तारीख ठरवूनच मी पुण्याची गाडी धरली. समोरचे गृहस्थ जगातलं तेल आटत चालल्याचं सांगत होते. खोटं कशाला बोलू, ऐकून मला भीती वाटली. कोळसा संपेल, तेलही संपेल, आणि मृणालला ते दिवस बघावे लागतील. पण ती ते अनिकेतबरोबर बघेल. मी त्या गृहस्थांना अर्धं संत्रं दिलं.