डाव्या हातचं बिस्किट

आमच्या घरी परीक्षा घेण्याचं काम माझं. जन्मभर पोरांना गणित शिकवलं, पेपर काढले, तपासले, आणि रिटायर झाल्यावर वाटलं, चलो, सुटले एकदाची! कुठलं काय. गेल्या हिवाळ्यात पुन्हा परीक्षा घ्यायची वेळ आली, आणि ती कोणाची, तर घरच्या कुत्र्याची.

त्याचं नाव इथं लिहीत नाही. मी लिहिलेलं मोठ्यानं वाचून बघते, आणि नाव कानावर पडलं की तो येऊन मांडीवर पाय ठेवतो, मग लिहिणं राहतं बाजूला. देशीच आहे. बदामी रंग, एक कान उभा, एक पडलेला. माझे यजमान सकाळी इथल्या, जबलपूरच्या, मदन महलच्या टेकडीकडे फिरायला जायचे, तिथून एक दिवस त्याला स्वेटरमध्ये गुंडाळून घेऊन आले. मी दारातच अडवलं.

"काहून आणलं हे? कोण करणार याचं?"

"मी करीन ना," म्हणाले आणि सरळ आत गेले.

आणि खरंच सगळं त्यांनीच केलं. फिरवणं, अंघोळ, गोचिड काढणं, सगळं. जेवायला बसले की पहिला तुकडा, तूप लावलेला, त्याचा. हा त्यांच्या उजव्या हाताला येऊन बसायचा आणि ते पोळीचा तुकडा मोडून त्याच्या तोंडासमोर धरायचे. त्या तुपासाठी माझा जीव तुटायचा, पण मी काही बोलत नसे.

बाकी मी बोलत नसे असं मात्र कोणी म्हणणार नाही. आमच्या घरात डाव्या हातानं द्यायचं नाही, घ्यायचं नाही, हा नियम, आणि नियमाची पोलीस मी. मुलगी उजव्या हातात मोबाइल धरून डाव्या हातानं कुत्र्याला काही द्यायला गेली की मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "डावा हात!" की ती हात मागे घ्यायची, मोबाइल ठेवायची, आणि मग उजव्या हातानं द्यायची. लग्न होऊन इंदोरला गेली तरी माहेरी आली की हेच. "आई, तुझं ते 'डावा हात' ऐकल्याशिवाय जबलपूरला आल्यासारखं वाटत नाही," असं म्हणायची कार्टी.

दिवाळी झाली आणि यजमानांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. देवाची कृपा म्हणायची की वेळेवर दवाखान्यात पोचलो. पाय लवकर सुधारला, काठी धरून चालायला लागले. बोलणं संथ झालं, पण समजायचं. हात मात्र तसाच लोंबत राहिला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हातात ताकद आहे, पण वापरायला पाहिजे आणि आत्ताच वापरायला पाहिजे. हे महिने हातचे गेले तर हातही गेला समजा.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी रोज घरी यायची. गोड पोरगी. "अंकलजी, बस ये राजमा उठाके कटोरी में डालना है," असं लहान मुलाला सांगावं तसं सांगायची. अंकलजी छताकडे बघत पडून राहायचे. ती त्यांचा हात आपल्या हातात घेऊन हलवायची, तेवढाच काय तो व्यायाम. जेवणसुद्धा त्यांनी खोलीत मागितलं, दार लोटून. जन्मभर उजव्या हातानं जेवलेला माणूस, डाव्या हातात चमचा धरताना कोणी बघू नये असं वाटायचं त्यांना. मीच जाड दांड्याचा चमचा बाजारातून आणून त्यांच्या डाव्या हातात दिला. ज्या बाईनं अख्खं घर डाव्या हातावरून डोक्यावर घेतलं होतं, तिनं एक अक्षर काढलं नाही. कशावरूनच काही बोलत नव्हते मी तेव्हा. चष्मा गादीत गेला, पाणी सांडलं, तरी गप्प. घर इतकं शांत झालं होतं की मलाच करमेना.

दवाखान्यातून ते घरी आले त्याच दिवशीची गोष्ट. ताट समोर ठेवलं. त्यांनी डाव्या हातानं कसाबसा पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि कुत्र्यासमोर धरला. इतक्या दिवसांनी मालक दिसला म्हणून हा नुसता नाचत होता. तुकडा बघितला, वास घेतला, आणि एक पाऊल मागे सरून बसला. घेतलाच नाही! ते बराच वेळ हात तसाच धरून होते. मग तुकडा ताटात टाकला.

"आता हाही... ओळखत नाही मला," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

बाप्पा, काय संताप आला मला त्या कुत्र्याचा! खाल्ल्या मिठाला जागत नाही मेला. त्याला ओढत स्वयंपाकघरात नेलं, तोच तुकडा त्याच्यासमोर धरला, तर गपकन खाल्ला. म्हणजे माझ्या हातचं चालतं, त्यांच्या हातचं नाही. त्या दिवसापासून यजमानांनी त्याला काही दिलं नाही आणि स्वतःसाठीही काही केलं नाही. हा मात्र दिवसभर त्यांच्याच खोलीत, पलंग आणि खिडकीच्या मधल्या बोळकंडीत पडलेला असायचा. व्यायामाच्या पोरीला तिथंच उभं राहावं लागायचं, म्हणून आम्ही त्याला पलीकडे हाकलायचो. की हा परत तिथंच. आम्हाला वाटायचं, खिडकीतलं ऊन खाऊन राहिला.

मुलगी रोज संध्याकाळी व्हिडिओवर बोलायची. बाप हसत नाही, बोलत नाही, हे बघून तिचा जीव कासावीस व्हायचा. एक दिवस म्हणाली, "आई, कुत्र्याची हुशारी तपासायचे खेळ सापडले मला. आपल्या हिरोची परीक्षा घेऊ. बाबांच्या खोलीत घे. बाबा मार्क देतील."

पहिला खेळ सोपा होता. कुत्र्याच्या डोक्यावर पांघरूण टाकायचं आणि तो किती लवकर बाहेर येतो ते बघायचं. मी जुनी दुलई टाकली. आम्ही वाट बघतोय. आतून हालचाल नाही. थोड्या वेळानं घोरण्याचा आवाज यायला लागला. जानेवारीची थंडी, वरून उबदार दुलई, मी असते तर मीही झोपले असते. मुलगी पोट धरून हसली. यजमान भिंतीकडे बघत होते.

दुसरा खेळ असा की बिस्किट बुटक्या पाटाखाली सरकवायचं आणि कुत्रा पंजानं ते काढतो का बघायचं. माझ्या उजव्या हातात फोन, डाव्या हातानं मी बिस्किट सरकवलं. हा समोर बसला आणि माझ्याकडे बघायला लागला. बिस्किटाकडे नाही, माझ्याकडे. मी म्हटलं, "घे ना, येड्या!" तर शेपटी हलवली, जागचा हलला नाही.

तिसरा खेळ वाट्यांचा. तीन वाट्या पालथ्या, एकीखाली बिस्किट. त्याच्या डोळ्यांदेखत ठेवलं. पुन्हा तेच. बसून राहिला, माझ्याकडे टकमक बघत.

"दगड आहे नुसता," मी म्हटलं.

तेव्हा पलंगावरून आवाज आला. "जाऊ दे. माझ्यासारखाच... झाला तो. काही कामाचा नाही."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलले, आणि बोलले तर हे! त्या क्षणी मी ठरवलं, हा कुत्रा पास झालाच पाहिजे. गणिताच्या बाईला एखादं पोरगं नापास होऊन राहिलं की कशी जिद्द चढते, तशी चढली मला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाट्या मांडल्या. पुन्हा उजव्या हातात फोन, डाव्या हातात बिस्किट. मी वाकून ठेवते ना ठेवते, तोच फोनमधून मुलगी माझी नक्कल करत ओरडली, "डावा हात!"

कुत्रा टुणकन एक पाऊल मागे सरला आणि बसला.

मुलगी हसता हसता थांबली. पुन्हा म्हणाली, "डावा हात!" हा आणखी एक पाऊल मागे. पुन्हा बसला आणि माझ्याकडे बघायला लागला.

"आई, फोन ठेव कुठंतरी. उजव्या हातानं ठेवून बघ ना बिस्किट."

मी फोन तांब्याला टेकवून उभा केला. उजव्या हातानं बिस्किट मधल्या वाटीखाली ठेवलं. माझा हात बाजूला व्हायच्या आत त्यानं नाकानं वाटी उलटवली आणि बिस्किट गट्ट! मी वाट्या फिरवल्या, जागा बदलल्या, उजव्या हातानं ठेवलं. दर वेळी बरोबर. पाटाखाली सरकवलं, तर पंजानं ओढून काढलं. मग मुद्दाम डाव्या हातानं ठेवलं. झालं, हा पुन्हा मागे सरून बसला, आणि तेव्हा मला दिसलं की तो माझ्या चेहऱ्याकडे बघत नाहीये. तो माझ्या दुसऱ्या हाताकडे बघतोय.

माय गं! कोणी शिकवलं नव्हतं त्याला. माझं ओरडणं ऐकून ऐकून त्याचा तोच शिकला होता. डावा हात पुढे आला की मागे सरायचं, कारण आता आई ओरडणार. मग बसून राहायचं, कारण आता हात बदलणार. या घरात हात नेहमीच बदलतो.

मी पलंगाकडे बघितलं. यजमान कोपरावर रेलून उठले होते आणि कुत्र्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती.

"तो... नाही म्हणत नव्हता," ते म्हणाले. "थांबला होता."

फोनमध्ये मुलगी रडत होती, इकडे मी. खिडकीकडच्या त्या बोळकंडीचा अर्थ मला तेव्हा लागला. पलंगाची ती बाजू त्यांच्या उजव्या हाताची. ऊन कसलं खातो, हा हात कधी बदलतो याची वाट बघत पडला होता तिथं.

आता मी काय केलं ते सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला डाव्या हातानं घ्यायला शिकवायला बसले. म्हटलं, यजमान बिचारे डाव्या हातानं देतील, हा घेईल, दोघंही खूश. चुचकारलं, तुपात बुडवून दिलं, त्याच्या नाकाला तुकडा लावला. पण हा आपला मागे मागे सरतोय. मी अगदी हट्टाला पेटले होते.

"राहू दे," यजमान म्हणाले. "नको बिघडवू त्याला. मी देतो."

त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. मी तळव्यावर तुकडा ठेवला. बोटं मिटत नव्हती, तुकडा घसरून गादीवर पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. ते चिडले, नोकरीच्या दिवसांतली, कारखान्यातली एक सणसणीत शिवी हासडली, आणि म्हणाले, "ठेव परत."

व्यायामाची पोरगी आली तर तिला खरंच वाटेना. राजमा गेला डब्यात. आता अंकलजी वाट्या उचलतात, वाटीखाली बिस्किट ठेवतात, आणि कुत्रा ते शोधतो. ती म्हणाली, "आंटीजी, ये तो मेरी नौकरी खा जाएगा!" कधी हात साथ द्यायचा, कधी दोन-दोन दिवस काहीच नाही. अशा दिवशी ते पुन्हा भिंतीकडे तोंड करायचे. पण हा बोळकंडीतून मान वर करून बघत राहायचा, आणि त्याला तसं बघत ठेवणं त्यांच्याच्यानं व्हायचं नाही.

मी डॉक्टरांची ऋणी आहे, त्या पोरीची तर जन्माची ऋणी. शेजाऱ्यांनी डबे दिले, मुलीनं रजा काढून धावपळ केली, कोणाकोणाचं नाव घेऊ? पण खरं सांगायचं तर आम्ही सगळ्यांनी मायेपोटी त्या उजव्या हाताला सुट्टी देऊन टाकली होती. चमचा मीच आणला होता. या मुक्या जिवानं तेवढी सुट्टी मंजूर केली नाही. त्याचे उपकार कसे मानायचे मला कळत नाही, म्हणून तुपासाठी आता जीव तुटू देत नाही.

होळीच्या आसपास एका दुपारी यजमान काठी टेकत बाहेर आले आणि म्हणाले, "पान इथं वाढ." दिवाळीनंतर पहिल्यांदा ते आमच्यात जेवायला बसले. मी घाईघाईनं इंदोरला फोन लावला आणि तांब्याला टेकवून ठेवला. त्यांनी उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि दोन बोटांनी पोळीचा तुकडा धरला. हळूहळू तो तुपापर्यंत नेला. हात मध्येच कलला. मी आधार द्यायला हात पुढे केला, तर त्यांनी असं बघितलं की मी मागे घेतला. कुत्रा उजवीकडे बसला होता. झडप घातली नाही, तोंडही पुढे केलं नाही. हात त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर थांबला आणि मग ओठांनी हळूच तुकडा उचलला. बोटंही चाटून स्वच्छ केली.

"बाबा, किती मार्क?" मुलीनं फोनमधून विचारलं.

"कोणाला?" ते म्हणाले, आणि तोच हात त्यांनी आपल्या वरण-भातात घातला.

"अहो, चाटलेला हात तो! धुवा आधी!" मी जोरात ओरडले.

कुत्रा सवयीनं एक पाऊल मागे सरला. यजमान माझ्याकडे बघतच राहिले. मग हसायला लागले, वाकड्या तोंडानं, मोठमोठ्यानं, हातातला भात ताटात सांडत. किती महिन्यांनी ओरडले होते मी त्यांच्यावर! मी फोन बाजूला ठेवून तांब्यातलं पाणी त्यांच्या उजव्या हातावर घातलं, आणि ते पुन्हा जेवायला लागले.