दुपट्ट्याखालची तीन बोटं

वाळल्या मिरच्यांचा ठसका बसला की मला कळमन्याच्या मिरची बाजारातली ती दुपार आठवते. बाबा तिथं मिरचीचे दलाल होते, आणि जुन्या सवयीनं भाव तोंडानं न बोलता दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवायचे. बारावीनंतर मला पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा मोठे काका दुकानाच्या गादीवर बसून बाबांना म्हणाले, "पोरीच्या फीमधी एवढा पैसा काहून घालून राहिला गा? तिलेच कर्ज काढू दे ना." बाबांनी मला जवळ बसवलं, खांद्यावरचा दुपट्टा आमच्या हातांवर टाकला आणि माझी चार बोटं दाबली, म्हणजे चारही वर्षांची फी ते भरणार. ही भाषा मला लहानपणापासून यायची. धाकटा भाऊ अजून शिकायचा होता, म्हणून मी त्यांची दोनच बोटं धरली. त्यांनी पुन्हा चार दाबली, मी पुन्हा दोन. शेवटी तीनवर आलो. "किती झालं?" काकांनी विचारलं. "सौदा कोनाले सांगाचा नसते," बाबा म्हणाले. चौथ्या वर्षी मी बँकेचं कर्ज काढलं, तेव्हा त्यांनी मला अडवलं नाही. दुपट्ट्याखाली ठरलेलं ते कधी फिरवत नसत. परवा माझ्या मुलीचं कॉलेज ठरलं. जेवणाच्या टेबलाशी मी तिला ही बोटांची भाषा शिकवली, हातांवर ओढणी टाकली आणि तिची तीन बोटं दाबली. तिनं मोबाइलमधून वर न बघता माझी चारही धरली.