दहावं मत

चष्मेवाल्या बाईंचा पक्ष सात वेळा संसदेची निवडणूक लढला आणि सातही वेळा सपाटून हरला. देशभर मिळून पहिल्या खेपेला शंभरात अर्धं मत, चौथ्या खेपेला पावणेदोन, आणि तिथून पुढे घसरगुंडीच. जागा एकही नाही. पक्ष भाडेकरूंचा, मागणी एकच: वर्षाची मुदत दिल्याशिवाय कुणाला घराबाहेर काढू नये. पाचव्या निवडणुकीनंतर मोठ्या पक्षाने ती मागणी उचलली, वर्षाचे सहा महिने केले, कायदा केला आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. बाई म्हणाल्या, "सहा महिने तर मिळाले. उरलेले सहा आपण मिळवू."

बाई सव्वीस वर्षांच्या असताना आठ दिवसांच्या नोटिशीवर त्यांचं बिऱ्हाड रस्त्यावर आलं होतं. तेव्हा त्या ज्या दुकानात चष्म्याच्या काचा घासायच्या, त्याच्या मागच्या खोलीत दोघं तीन आठवडे झोपली. नवरा इतका उंच, की त्याचे पाय दारातून गिऱ्हाइकांच्या बाजूला यायचे. पुढे ते दुकान बाईंनीच चालवायला घेतलं आणि त्या मागच्या खोलीत पक्षाची शाखा उघडली. दर गुरुवारी पक्षाचा वकील यायचा. हातात नोटीस घेतलेली माणसं बाकावर दाटीवाटीने बसायची. त्यातली निम्मी मत दुसऱ्यालाच देतात हे बाईंना माहीत होतं. "चष्मा देताना विचारते का मी, कोणतं वर्तमानपत्र वाचणार म्हणून?"

नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पक्षाच्या सगळ्या पाट्या त्यानेच केलेल्या. "तुम्हाला जिंकवणं काही माझ्या हातात नाही," तो म्हणायचा, "पण हरताना तरी रुबाबात हरा."

आठव्या निवडणुकीआधी पक्षाने ठराव केला. वकील थोडे, शाखा फार. तेव्हा ज्या मतदान केंद्रावर लागोपाठ दोनदा दहाच्या आत मतं पडतील, तिथली शाखा बंद. बाईंच्या केंद्रावर मागच्या खेपेला सात पडली होती. यंदा त्या महिनाभर दारोदार फिरल्या. गुडघे सुजले, पण थांबल्या नाहीत.

मतमोजणी शाळेच्या मोठ्या सभागृहात होती. बाई पक्षाच्या प्रतिनिधी म्हणून दर वेळी जायच्या. मोठ्या पक्षांची माणसं चहाला उठली, की आपल्या गठ्ठ्यांवर लक्ष ठेवायला बाईंनाच सांगून जायची, कारण बाई जागच्या हलायच्या नाहीत, आणि कुणाचंही मत इकडचं तिकडे होऊ द्यायच्या नाहीत.

त्यांच्या केंद्राची पेटी उघडली. दुपारपर्यंत बाईंच्या खणात नऊ मतपत्रिका जमल्या. शेवटच्या गठ्ठ्यातली एक अधिकाऱ्याने वेगळी काढली आणि उजेडात धरली.

"ही बघा. फुली तुमच्या चौकोनात आहे, पण जरा वेगळीच आहे."

बाईंनी पाहिलं. चौकोनाच्या बरोबर मध्यभागी फुली. दोन्ही रेघा वर जाताना भरलेल्या, टोकाला निमुळत्या होऊन जराशा वळलेल्या. आणि डाव्या अंगाला, पाटीवरच्या अक्षराला असते तशी, केसाएवढी बारीक सावली. ते वळण त्या चौतीस वर्षं बघत होत्या.

"अहो, फुली ती फुलीच," मोठ्या पक्षाचा प्रतिनिधी हसला. "देऊन टाका बाईंना. एका मताने आमचं काय सरकार पडतंय?"

"माझंही तेच मत आहे," अधिकारी म्हणाला. "मतदाराचा कल स्पष्ट आहे. मत कुणाचं ते ओळखता येईल अशी खूण असली तरच बाद. तुमची काही हरकत?"

बाईंनी खणातल्या नऊ पत्रिकांकडे पाहिलं. दहावी अधिकाऱ्याच्या हातात होती. मान डोलावली की गुरुवारचा बाक राहणार होता.

"बाद करा," त्या म्हणाल्या.

"का?"

"मला ओळखता आलं."

"कोण आहे?"

"ते कसं सांगू? गुप्त मतदान आहे ना."

मोठ्या पक्षाचा माणूस आता हसला नाही. अधिकाऱ्याने पत्रिकेवर शिक्का मारला.

संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा नवरा दारातच उभा होता. "किती?"

"नऊ."

"नऊच? अगं, नीट मोजली ना? माझं धरून?"

"तुमचं बाद झालं."

तो दाराजवळच्या खुर्चीत बसला. "तुला काय माहीत माझं कोणतं ते?"

"अहो, फुलीला सावली कोण देतं?"

त्याने आपल्या बोटांकडे पाहिलं. मग चिडून म्हणाला, "तिथली पेन्सिल इतकी सुरेख होती! म्हटलं, दर वेळी कशीतरी मारून येतो, या खेपेला तुझ्यासाठी नीट काढू. तिथे कुणालाच चालली नाही?"

"सगळ्यांना चालत होती. मीच नाही म्हटलं."

"तू? आणि शाखा?"

"बंद. कळवलं मी पक्षाला." बाईंनी चपला काढून गुडघा चोळला. "जवळच्या दुसऱ्या शाखेत वकील बुधवारी बसतो. बाकावरच्या सगळ्यांना बसने घेऊन जाईन. बुधवारी दुपारी दुकान तुम्ही बघायचं."

"मी? मला चष्म्यातलं काय कळतं!"

"येईल त्याला बसवून ठेवायचं. तेवढं जमेल."

आत जाऊन त्याने पाणी आणलं, पेला त्यांच्या हातात दिला आणि तिथेच घुटमळत राहिला.

"पण काय गं," शेवटी तो म्हणाला, "रेघ चांगली आली होती ना?"

"फार चांगली," बाई म्हणाल्या. "सगळं टेबल वाकून बघत होतं."