बिनमिठाचं सूप

मँचेस्टरच्या त्या स्वस्त कोरियन खानावळीतल्या मावशी बोलायच्या कमी, बघायच्या जास्त. त्यांच्या गाईच्या हाडांच्या पांढऱ्याशुभ्र सूपमध्ये मीठच नसायचं. पानातल्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत, या घरच्या वळणाला जागून मी तीन महिने दर शनिवारी ते तसंच पीत "व्हेरी नाइस" म्हणत राहिलो. मावशी कळवळून बघायच्या आणि मी बसलो की टेबलावरचा छोटा डबा उचलून न्यायच्या.

परवा शेजारच्या टेबलावर तोच डबा उघडला. आत मीठ. जो तो आपापलं घालून घेत होता. मी हात पुढे केला, तर मावशींनी मनगटच धरलं.

"डॉक्टर सेड नो सॉल्ट, येस?"

मी मान डोलावली. का, कोण जाणे. मावशींनी खूश होऊन माझ्या वाडग्यात मांसाचे दोन तुकडे जास्त घातले. आता मीठ मागू कोणत्या तोंडानं?