दादाचा शेवटचा डाव

नारायण तेलाचा वास आला की मला भिलाईच्या आमच्या क्वार्टरमधली एक दुपार आठवते. स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवणाऱ्या माझ्या दादाला लकवा मारून तीन महिने झाले होते आणि आई रोज ते तेल चोळायची, तरी त्याची उजवी बोटं जेमतेम हलत होती. लहानपणी आम्ही दोघं जुन्या कॉम्प्युटरच्या डॉसवरचा अंतराळयानाचा एक गेम तासन्‌तास खेळायचो. बोटांना व्यायाम होईल म्हणून मी तो खटपट करून नव्या कॉम्प्युटरवर आणला. त्या गेमचा वेग मशीनच्या वेगावर ठरायचा, त्यामुळे तिथं तो इतका सुसाट पळाला की यान दिसायच्या आत फुटायचं. मी वेग पूर्वीइतका केला, तरी दादा हरतच राहिला, म्हणून तो पाणी पीत असताना मी वेग गुपचूप आणखी उतरवला. पुढच्या डावात त्यानं सगळ्या उल्का चुकवल्या. आई म्हणाली, "जमून राहिलं ना रे तुले." दादानं माझ्याकडे पाहिलं. "तू याले हळू केलं?" "नाही गा दादा." "केलं तर केलं, खोटं कावून बोलते?" एवढंच म्हणून त्यानं डाव्या हातानं कीबोर्ड बाजूला सारला आणि पुन्हा कधी तो गेम लावू दिला नाही. पुढच्या वर्षी तो गेला. त्या दुपारी मी नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर आम्ही त्याच संथ वेगात आणखी कितीतरी डाव खेळलो असतो, असं मला आजही वाटतं.