मोर, कबूतर, घुबड आणि आमची दूध संस्था

दुष्काळात आमच्याकडच्या विहिरी आटल्या, हौद आटले, किस्से मात्र भरत गेले. हाताला काम कमी, मग बोलायला वेळच वेळ. युसूफ वडगावच्या आमच्या दूध संस्थेत मी एकच उन्हाळा काढला, पण जुनं कुणी भेटलं की अजूनही एक किस्सा संपायच्या आत दुसरा निघतो.

मी बंगळुरूला माणसांचे स्वभाव आणि त्यांचं काम याच विषयाचं शिक्षण घेऊन गावी परतले होते. पिकं गेली होती, घरोघरची चूल दुधावर चालली होती, आणि संस्थेतली दोन महत्त्वाची माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. भागवतकाका दूध तपासायचे, रफिकभाई टँकर चालवायचे. पूर्वी कधीतरी दूध नासलं, चूक कुणाची यावरून वाजलं, तेव्हापासून अबोला. दोघांचे निरोप कॅन धुणाऱ्या कौसल्याबाई इकडून तिकडे पोचवायच्या.

असाच एक निरोप उशिरा पोचला आणि दूध पुन्हा नासलं. वरच्या दूध संघानं बजावलं, आणखी एकदा असं झालं तर टँकर बंद. टँकर बंद म्हणजे गावाचं दूध बंद. मी चेअरमन अप्पांना म्हटलं, आपण सगळ्यांची स्वभावचाचणी घेऊ. कोण कसा आहे हे एकमेकांना कळलं की माणसं जुळतात, यावर माझा तेव्हाही विश्वास होता, आजही आहे.

*

अप्पांनी सगळ्यांना बोलावून माझी ओळख करून दिली, "पोरगी लई मोठी डिग्री घेऊन आलीय."

दुधात पाणी आहे का हे बघायची काचेची नळी असते. तिच्यावरच्या आकड्यालाही आमच्याकडं डिग्रीच म्हणतात. भागवतकाका मान वर न करता म्हणाले, "साखर टाकली तरी डिग्री वाढती, अप्पा."

*

चाचणीच्या सकाळी कौसल्याबाई भिंतीला टेकून बसलेल्या. चेहरा उतरलेला, चहाही नको म्हणाल्या. खोदून विचारल्यावर कळलं की दवाखान्यातल्या चाचणीला उपाशीपोटी जातात, म्हणून त्या आदल्या दिवसापासून जेवल्याच नव्हत्या. मी सांगितलं, रक्तबिक्त काही काढायचं नाही, तुमचा स्वभाव बघायचाय फक्त.

"मंग आदी सांगायचं ना, ताई," त्या म्हणाल्या. "आता भुकेनं सोभावच बिघडलाय की माझा!"

*

एक प्रश्न होता: भांडण झालं तर तुम्ही काय करता? खाली चार पर्याय. बोलून मिटवतो, गप्प बसतो, तिसऱ्याला मध्ये घालतो, आपलंच खरं करतो.

रफिकभाईंनी पेन खाली ठेवला. "मॅडम, भांडण कुणासंगं, ते लिवा ना पयलं. सख्ख्या भावाला अन् आरटीओला एकच इलाज कसा चालंल?"

अप्पांनी तर चारही पर्यायांवर खूण केली होती. एकच निवडायचा, असं मी समजावलं. ते म्हणाले, "एकच निवडला आसता तर चेअरमन कसा झालो आसतो?"

*

या चाचणीत शेवटी प्रत्येकाचा एक पक्षी निघतो. धडाडीचा तो गरुड, हौशी तो मोर, भांडण टाळणारा तो कबूतर आणि प्रत्येक गोष्ट बारकाईनं तपासणारा तो घुबड. आमच्या कॉलेजात घुबड निघालं की पोरं खूश व्हायची. मी तक्ता जसाच्या तसा मराठीत उतरवला आणि भिंतीवर लावला.

अप्पा निघाले कबूतर. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पुढं इलेक्शन हाय. कबुतराला कोण मत देतंय? मला गरुड करा अन् कबूतर कौसल्याला द्या. निरोप तीच नेती."

भागवतकाका निघाले घुबड. तक्ता वाचून ते तडक घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोच आल्या.

"आमच्या मालकाला घुबड म्हणलात व्हय?"

मी घुबडाचे गुण सांगायला लागले. बारीक नजर, शांत डोकं, चूक म्हणून होत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ते खरंय. घरात मी बी म्हणती घुबड," त्या म्हणाल्या. "पर तुमी आसं शिक्का मारून भिताडाला लावू नका."

*

रफिकभाई निघाले मोर. त्यांनी आठवड्याच्या आत अंबाजोगाईच्या पेंटरकडून टँकरच्या मागं पिसारा फुलवलेला मोर काढून घेतला.

मग निरोपांनाही पक्षी चिकटले. कौसल्याबाई हातातला कॅन ठेवून टँकरपाशी जायच्या आणि सांगायच्या, मोरानं झाकण नीट लावावं. तिकडून उत्तर यायचं, घुबडानं आपलं दूध बघावं.

मी दोघांना समोरासमोर बसवलं आणि एकमेकांचा एक चांगला गुण लिहायला सांगितला. काकांनी लिहिलं, "गाडी वेळेवर आणतो." जरा थांबून पुढं लिहिलं, "कधीकधी." रफिकभाईंनी लिहिलं, "याला दुधातलं पाणी दिसतं." आणि त्याखाली, "माणूस दिसत न्हाई."

मी तक्ता काढून ठेवला.

*

त्यानंतरची गोष्ट. भर दुपारी लाइट गेली आणि जनरेटरही सुरू होईना. दूध थंड ठेवायची टाकी बंद पडली, आत सकाळचं सगळ्या गावाचं दूध. टँकर यायचा संध्याकाळी, तोवर ते टिकणं शक्य नव्हतं. मी आणि अप्पा संस्थेच्या कामाला बीडला गेलो होतो. कौसल्याबाई लग्नाला पालीला. केंद्रात एकटे भागवतकाका.

गावातून फोन आला तसे आम्ही धावतपळत परतलो, तेव्हा टाकी रिकामी होती, धुऊन ठेवलेली. काका नळ्या पुसत बसले होते. दूध कुठंय, विचारलं, तर म्हणाले, "गेलं." तेवढ्यात संघातून फोन आला. वडगावचं दूध चांगलं पोचलं होतं.

पुढचं रफिकभाईंनी सांगितलं. ते घाटनांदूरला टँकर सावलीत लावून पडले होते. फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"मी म्हणलं, कोण बे? तिकडून आवाज आला, 'घुबड बोलतंय. लाइट गेलीय, दूध तापायलंय. मोराला सांगा, आत्ताच्या आत्ता ये म्हणावं.'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार, मॅडम? म्हणलं, सांगतो."