संपत मिस्त्रीचं नाक

कापसाच्या जिनात काम केलेल्या माणसाच्या अंगावरची रुई कधी पुरती निघत नाही. आंघोळ करून जेवायला बसा, तरी कानामागून एक पुंजका निघतोच. किस्स्यांचंही तेच. मला नोकरी सोडून जमाना झाला, वऱ्हाड मध्यप्रांतात होता हेही आता नातवंडांना सांगावं लागतं, पण चार माणसं जमली की कुठून तरी संपत मिस्त्री निघतो. बायको म्हणते, "झालं, आलं ते नाक." येणारच. त्या नाकावर आमची सगळ्यांची भाकर होती, तिचीसुद्धा.

आधी थोडं सांगतो, म्हणजे मध्येच कोणी "हा कोण, तो कोण" करणार नाही. अकोल्याला समुद्र नाही. पण मुंबईचा पाहुणा आला की मी त्याला स्टेशनचा मालधक्का दाखवायचो. म्हणायचो, हे आमचं बंदर. इथून कापसाच्या गाठी निघायच्या त्या थेट मुंबईच्या गोदीत, तिथून बोटीनं विलायतेला. मग मंदी आली. त्यातच आमच्या जिनिंग-प्रेसला आग लागली आणि दरवाजाला कुलूप पडलं. दोन हंगाम मालधक्क्यावर कुत्री झोपली.

त्या आगीतच मिस्त्रीचं नाव झालं. धूर कोणाला दिसायच्या आधी त्याला वास आला, त्यानं घंटा बडवली, सरकी काढायच्या रेच्यांवर कापूस घालणाऱ्या सगळ्या बाया बाहेर काढल्या. मग नव्या शेठनं प्रेस घेतली, तेव्हा जळालेल्या प्रेसचा विमा उतरवायला कोणी तयार होईना. शेठनं विमा कंपनीच्या साहेबाला मिस्त्रीच्या नाकाची गोष्ट सांगितली. साहेब हसला आणि एका हंगामाचा विमा दिला. आग लागली तर पुढच्या हंगामाचा कागद नाही. कागद नाही तर प्रेस नाही. शेठनं मिस्त्रीला एवढ्याच कामावर ठेवलं: फिरायचं आणि वास घ्यायचा. मी गेटावरचा कारकून. मला सगळे बाबू म्हणत.

* * *

पहिल्या दिवशी सकाळी भोंगा वाजला. दोन वर्षांनी. जठारपेठेतल्या आमच्या गल्लीत बायका चुलीवरून उठून दारात आल्या. समोरच्या जनाबाईनं तर सवयीनं भाकर बांधली आणि नवऱ्याच्या हातात दिली. तो बिचारा म्हणाला, "अवं, मले कामावर घेतलं कोनं?"

"भोंग्यानं घेतलं. जाय."

तो आला. आणि खरंच लागला कामावर. असे त्या दिवशी किती आले, विचारू नका. शेठनं पेढे वाटले. मिस्त्री तेवढा पाण्याच्या बादल्या तपासत फिरत होता. पन्नाशीचा, काटकुळा, मिशीत रुई अडकलेली. मी पेढा पुढे केला, म्हटलं, "मिस्त्री, आज तरी तोंड गोड करा."

"ठेवा जी. हंगाम सरला का खातो."

पेढा त्यानं खरोखर कागदात बांधून ठेवला. शेवटी मुंग्यांनी खाल्ला.

* * *

गेटावर बिड्या आणि काड्यापेट्या काढून घ्यायचं काम मिस्त्रीचं. शेठची काड्यापेटीसुद्धा सुटायची नाही. एकदा नागपूरहून कारखान्यांचा गोरा साहेब तपासणीला आला. तोंडात पेटलेला पाइप. दरवानानं सलाम ठोकून गेट उघडलं. आणि साहेबासमोर बादली घेऊन कोण उभं, तर आमचा मिस्त्री.

साहेब म्हणाला, "जानता है हम कौन है?"

"मी जानतो जी. रुई नाई जानत."

शेठच्या कपाळावर घाम.  ह्या साहेबाच्या एका शेऱ्यावर प्रेस बंद होऊ शकत होती, आणि हा शहाणा त्याची वाट अडवून उभा! साहेबानं मिस्त्रीकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, आणि पाइप काढून मिस्त्रीच्या हातात दिला. तपासणी झाली. शेरा चांगला पडला. जाताना साहेबानं पाइप मागितला, तर मिस्त्रीनं बादलीत हात घालून, निथळवून, अदबीनं परत केला.

साहेब मूर्तिजापूरच्या गाडीत बसला. मग शेठ एवढंच म्हणाला, "बाबू, ह्याले सलाम करायची तरी शिकवण द्या."

* * *

आता गारगोटीचा किस्सा. काही पाटील लोक वजन वाढावं म्हणून गाडीतल्या कापसात खडे टाकत. कोण ते सांगत नाही, त्यांची नातवंडं अजून भेटतात. खडा रेच्यात गेला की ठिणगी, आणि ठिणगी रुईत पडली की संपलंच. म्हणून मिस्त्री प्रत्येक गाडीतून मूठभर कापूस काढायचा, चिमटीत धरून धागा ओढायचा आणि बघायच्या आधीच सांगायचा, हा माल अकोटकडचा, हा खारपाणपट्ट्यातला. सगळे म्हणायचे, वासावरून सांगतो.

एका दुपारी सगळे रेचे धडधडत होते. मिस्त्री माझ्याशी बोलता बोलता थांबला आणि एकदम ओरडला, "बंद करा." पट्टे थांबले. चौथ्या रेच्यात हात घालून त्यानं बोराएवढी गारगोटी काढली. एका कडेला काळी पडलेली.

बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. त्या दिवसापासून गावात ठरलं की मिस्त्रीला दगडाचाही वास येतो. मी हसून त्याला हे सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "बोलू द्या लोकायले."

* * *

पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. एका दुपारी मालधक्क्यावर वॅगन भरून तयार, आणि मिस्त्रीनं हात आडवा केला. "गाठी उतरवा. जळून राह्यलं काईतरी."

प्रेस केलेली गाठ फोडणं म्हणजे काय ते सांगतो. लोखंडी पट्ट्या तोडल्या की ती फुगून खोलीभर होते, पुन्हा सगळी प्रेसमध्ये घालावी लागते. अशा तीन गाठी फोडल्या. आत पांढरीशुभ्र रुई. गाडी निघून गेली, वॅगन राहिली. तेवढ्यात भिंतीपलीकडून भाजल्या वांग्याचा खमंग वास आला. रेल्वेच्या हमालांचा भरताचा बेत चालला होता.

शेठ लालबुंद. "मिस्त्री, भरताच्या वासानं माझी वॅगन अडवली तुम्ही?"

मिस्त्रीनं मान खाली घातली. "चुकलं जी."

"आणखी एकदा असं झालं तर तुम्ही घरी. नाकच चुकत असेल तर मी विम्याच्या साहेबाला काय तोंड दाखवू?"

मला मनातून राग आला, शेठचाही आणि मिस्त्रीचाही. इतका हुशार माणूस, वांगं आणि रुई ओळखू नये?

* * *

दोन दिवसांनी रविवार होता. मिस्त्री कामावर येईनासा होतो की काय म्हणून मी त्याच्या घरी गेलो. त्यानं बसायला घोंगडी टाकली, पानाचा डबा पुढे केला. काकू, म्हणजे मिस्त्रीची बायको, विहिरीवर गेल्या होत्या. चुलीवर दूध होतं. ते उतू गेलं, मग करपलं, मग असा वास सुटला की माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आणि मिस्त्री शांतपणे मला सुपारी कातरून देत होता.

काकू धावत आल्या, भांडं उतरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदरात तोंड घालून रडायलाच लागल्या. "बाबू, कोनाले सांगू नका जी. आगीत धूर गेला तवापासून त्याईच्या नाकाले काईच समजत नाई. फुलाचा नाई, शेनाचा नाई."

माझ्या हातातली सुपारी हातातच राहिली. ज्या नाकावर विमा, त्या विम्यावर प्रेस, त्या प्रेसवर जनाबाईची भाकर आणि माझीही, ते नाकच नव्हतं.

"मग तुम्ही करता काय दिवसभर?" मी विचारलं. आवाज चढला माझा, खोटं कशाला बोलू.

"उद्या भोंग्याच्या आधी या," मिस्त्री म्हणाला.

गेलो. गोदामात गाठींच्या थप्प्या लागलेल्या. मिस्त्री एका टोकाला उभा राहिला, वाकला, आणि पहिल्या गाठीच्या लोखंडी पट्टीला गाल लावला. मग दुसरीच्या. मग तिसरीच्या. वरच्या थप्पीला शिडी लावून. एकही गाठ सोडली नाही. रोज दोनदा हेच करत होता म्हणे. "आत जळत असंल तं पट्टी कोमट लागते. हातापेक्षा गालाले लवकर समजते. त्या दिवशी मालधक्क्यावर उन्हानं पट्ट्या तापल्या व्हत्या, माह्या ध्यानातच आलं नाई. गारगोटी तं कानानं ऐकली."

"अहो, मग शेठला सरळ सांगा ना."

"नाक असतं तं मी खुर्चीवर बसून राह्यलो असतो बाबू. पन इम्यावाल्यानं नाकाचा इमा केला आहे, गालाचा नाई."

मी त्याचा डावा गाल पाहिला. पट्ट्यांच्या गंजानं पार तांबूस झाला होता. इतके दिवस मला वाटायचं, पान खाताना पुसत असेल.

* * *

हंगाम सरत आला. शेवटच्या वॅगनी भरत होत्या. सकाळची वेळ, ऊन अजून मालधक्क्यावर आलेलं नव्हतं. मिस्त्री एका गाठीपाशी वाकला आणि वाकलेलाच राहिला.

शेठ दहा हातांवर उभा. मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मला सगळं समजलं. गाठ फोडली आणि आत काही निघालं नाही, तर तो घरी. न फोडता वॅगन गेली आणि वाटेत पेटली, तर आम्ही सगळेच घरी.  मी जाऊन त्या पट्टीला हात लावला. मला काहीच समजलं नाही, थंड की कोमट. माझा हात लेखणीचा.

मिस्त्रीनं पुन्हा एकदा गाल लावला. मग सरळ झाला. "फोडा."

शेठ म्हणाला, "मिस्त्री, आठवतं ना मी काय बोललो होतो?"

"आठवते जी. फोडा."

पहिली पट्टी तुटली. काही नाही. दुसरी तुटली. रुई फुगली, पांढरी. हमाल एकमेकांकडे बघायला लागले. तिसरी तुटली आणि आतून धुराची एक बारीक रेघ वर आली. मिस्त्रीच्या बादल्या तयारच होत्या. गाठ ओढून बाजूला नेली, विझवली. बाकी वॅगन वाचली, मालधक्का वाचला, प्रेस वाचली. शेठनं सगळ्यांसमोर डोक्यावरची पगडी काढून मिस्त्रीच्या डोक्यावर ठेवली. मिस्त्री खाली बसला आणि बराच वेळ उठलाच नाही.

* * *

आणि आता खरा किस्सा. ही बातमी मुंबईला गेली आणि विम्याचा साहेब स्वतः आला. पुढच्या हंगामाचा कागद बरोबर आणला होता. पण सही करायच्या आधी म्हणाला, "ते नाक मला पाहायचं आहे."

साहेब अत्तराचा मोठा शौकीन. कचेरीत शिरला तेव्हाच खोली दरवळली होती. म्हणजे आम्हाला तरी दरवळलेली समजली. मिस्त्री समोर उभा राहिला. साहेबानं कानातला अत्तराचा फाया काढला आणि त्याच्या हातात ठेवला.

"सांगा मिस्त्री, कोणतं अत्तर? ओळखलंत तर लगेच सही."

शेठ खुशीत मांडी ठोकून बसला. त्याला वाटलं, हा तर पोरखेळ.  मला येत होता ना वास, चांगला हिन्याचा. पण सांगू कसा? खोकलो. कोणी लक्ष दिलं नाही. कागद टेबलावर, लेखणी साहेबाच्या हातात, आणि बाहेर भोंग्याची वाट बघत माणसं बसलेली.

मिस्त्रीनं डोळे मिटले. फाया नाकाशी नेला. मोठा श्वास घेतला. सगळे त्याच्या नाकाकडे बघत होते. मी एकटा त्याच्या बोटांकडे बघत होतो. चिमटीत त्या फायाचा धागा हळूच ओढला जात होता. एकदा. दोनदा.

मग त्यानं डोळे उघडले आणि फाया अदबीनं टेबलावर ठेवला.

"साहेब, अत्तर बित्तर गरिबाले काय ठाव? पन ह्यातला कापूस आपल्या वऱ्हाडातला नाई. आखूड धाग्याचा आहे, आनि मांगच्या सालचा. असला कापूस कानातच बरा जी. आमी तं गेटाच्या आत येऊ देत नाई."

साहेबानं फाया उचलला. उलटसुलट करून पाहिला. मग हसून कागद पुढे ओढला आणि सही केली.

मी कागदावर टीपकागद दाबत होतो, तर शेठ माझ्या कानाशी वाकला. अभिमानानं म्हणाला,

"पाहिलं बाबू? नुसत्या वासावर."